सरळ रेषेतले अंतर

अंतर कसे मोजावे, हे कायद्याने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या अकराव्या कलमानुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, अंतर समतलावर सरळ रेषेत धरायचे. वकिलीच्या वीस वर्षांत या कलमाविषयी मला कधी शंका आली नाही. ती आली गेल्या कार्तिकात.

आमचे बिऱ्हाड आदिलाबादेस. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख. बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी एकदमच कानी पडतात. कुलदेव मात्र गोव्यात, प्रियोळचा श्रीमंगेश. देवळापासून हाकेच्या अंतरावर माझी आत्या राहत असे. ती दर खेपेस म्हणे, "विमान एका वरान पावता म्हणटात, मागीर तुका येवपाक वर्स कित्याक लागता?"

तिचा हिशेब फारसा चुकीचा नव्हता. हैदराबादचे शमशाबाद ते दाबोळी हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५३० किलोमीटर. विमानाला सव्वा तास लागतो, आणि त्यातलाही बराच वेळ धावपट्टी गाठण्यात, वर चढण्यात व खाली उतरण्यात जातो.

त्या दिवशी पहाटे पाचला फोन आला, आत्येचे काही खरे नाही. आदिलाबादेस निजामाच्या काळातली धावपट्टी आहे, पण ती प्रवाशांच्या उपयोगाची नाही. हैदराबाद सडकेने ३०० किलोमीटर; त्यात विमानतळ शहराच्या पार दक्षिणेस. सहाला निघालेली मोटार तेथे पोहोचेपर्यंत एक वाजला. विमान संध्याकाळी पाचचे. दाबोळीहून प्रियोळास पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते. साडेतेरा तासांच्या प्रवासात विमानाचा वाटा सव्वा तासाचा.

आत्या चारच्या सुमारास गेली होती. त्या वेळी मी शमशाबादेस खुर्चीत बसून फलकावरील वेळा वाचत होतो. आतेबहीण म्हणाली, दुपारी तिने दोनदा विचारले, "खंय पावला तो?"

सुतक फिटल्यावर देवदर्शनास गेलो. गाभाऱ्यासमोर उभा असताना मनात आले, हा देवही येथला मूळचा नव्हे. सन १५६० च्या सुमारास पोर्तुगीज अमलातील कुशस्थळी सोडून भक्तांनी त्याला जुवारीपार आदिलशाही मुलखात आणले. ती कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, दाबोळीच्याच मुरगाव तालुक्यात आहे. नकाशावर हे अंतर मोजक्या कोसांचे. पण ज्यांनी घरदार मागे टाकून, जीव मुठीत धरून मूर्ती पलीकडे नेली, त्यांना ते किती वाटले असेल? आणि माझ्या गावाचे नावही विजापूरच्या आदिलशहावरून पडले, असे सांगतात. त्या काळच्या मापाने पाहिले तर आम्ही दोघेही एकाच नावाच्या आश्रयाला आलेले.

यंदाच्या माघात, कोणाचा फोन आलेला नसताना, जत्रेसाठी चार दिवस आधीच निघालो. आत्येच्या दाराला कुलूप होते. पायरीवर थोडा वेळ बसलो.

अकरावे कलम चुकीचे आहे, असे माझे आजही म्हणणे नाही. वेगळा हेतू दिसत नसेल तर, ही अट त्या कलमातच आहे. आत्या दर वर्षी विचारीत होती, तेव्हा तिचा हेतू वेगळा होता. तो मी वाचायला हवा होता.