सुट्टी, शिबिरं आणि एक लाटणं

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये वसंत ऋतू येतो. कोकिळा वगैरे नाही, जाहिराती. रोबोटिक्स, अबॅकस, वैदिक गणित, स्केटिंग, बिनगॅसचा स्वयंपाक, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे 'व्यक्तिमत्त्व विकास, फक्त १० दिवसांत'. चाळिशी आली तरी माझं व्यक्तिमत्त्व काही विकसित झालेलं नाही असं बायकोचं ठाम मत आहे, त्यामुळे या १० दिवसांबद्दल मला आधीपासूनच कुतूहल होतं. ते कुतूहल कसं फिटलं, ते सांगतो.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे वाक्य लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण खरंच नव्हतं हो. सुट्टी लागली की मिरजेला आजोळी. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, हातात काठी, आणि कावळे हाकलता हाकलता निम्म्या ओल्या कुरडया आपल्याच पोटात. आयुष्यातलं पहिलं 'शिबिर' म्हणजे दहावीच्या सुट्टीतला टायपिंगचा क्लास. हे सगळं आठवून गळा काढायची फॅशन आहे, पण मी काढणार नाही. कारण त्या घरात आजी, मामी आणि मोठी मावशी अशा तीन बायका पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत बिनपगारी राबत होत्या, म्हणून आम्हा नऊ पोरांची सुट्टी रम्य होती. त्यांना सुट्टी कधी होती ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता आमच्या घरात माणसं तीन. मी, बायको आणि आठ वर्षांचं कन्यारत्न. मी हिंजवडीला, बायको खराडीला, म्हणजे पुण्याची दोन टोकं. माझे बाबा गेले, आईचे गुडघे तिला साताऱ्याहून हलू देत नाहीत. शाळेला सुट्टी साधारण सहा आठवडे, आणि आम्हा दोघांच्या शिल्लक रजा मिळून अकरा दिवस.

त्यातून शिबिरं असतात अडीच तासांची! सकाळी साडेआठ ते अकरा, कारण नंतर ऊन. ते बरोबरच आहे, एप्रिलमध्ये पुण्यातही पारा चाळिशीला टेकतो. पण ऑफिस नऊ तासांचं, मग उरलेल्या साडेसहा तासांचं काय? याचं उत्तर एकाही जाहिरातीत नसतं. आणि शाळेशाळेचं वेळापत्रक वेगळं. सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी लागते मेच्या सुरुवातीला आणि त्या उघडतात जूनच्या मध्यावर (विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा). म्हणजे खालच्या मजल्यावरची मैत्रीण एप्रिलात शाळेत आणि आमची घरी. दोघींना एकाच शिबिराला घालू, आळीपाळीने ने-आण करू, हा बेत तिथेच बारगळला.

असो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे गेल्या वर्षी एक्सेल शीट केली. २३ शिबिरं, फी, अंतर, वेळ, एसी आहे की नाही, सर्टिफिकेट मिळतं की नाही. प्रत्येक रकान्याला वजन दिलं, गुण काढले. पहिला नंबर आला त्या १० दिवसवाल्याचा. खरं सांगायचं तर शीट नसती तरी तोच आला असता, वजनं मीच तर ठरवली होती.

कारण आमची लेक बोलताना अडखळते. लहानपणापासून. 'क' आणि 'प' वर गाडी अडते. घरात कमी, बाहेर जास्त, फोनवर सगळ्यात जास्त. त्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'लाजाळू मुलं स्टेज गाजवतात.' वाचल्यावर मला जे वाटलं ते आता लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं, चला, १० दिवसांत सुटेल.

एक हॉल, साठ मुलं, तीन ताई. ताई म्हणजे कॉलेजातल्या मुली, बिचाऱ्या सतत माइकवरून 'शांत बसा' म्हणत असायच्या. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं. हिचा विषय 'माझा आवडता प्राणी'. पाठ होतं सगळं, घरी चार वेळा म्हणून दाखवलं होतं. स्टेजवर गेली आणि 'कासव' मधल्या 'का' वर अडकली. एका ताईने मागून माइकमध्येच शब्द पुरवला. कुणीतरी हसलं. मग संचालक स्वतः पुढे आले आणि म्हणाले, 'घाबरायचं नाही बेटा, टाळ्या वाजवा सगळ्यांनी!' टाळ्या वाजल्या. ती खाली आली आणि घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर जवळजवळ दोन महिने तिने साताऱ्याला आजीशी फोनवर बोलणं बंद केलं. खुणेने सांगायची, नाही.

त्याच शिबिरात आणखी एक झालं होतं. एके दिवशी माझा कॉल लांबला, म्हणून ऑफिसातल्या एका मित्राला तिला आणायला पाठवलं. तो तिच्या ओळखीचा, पण शिबिरवाल्यांच्या नाही. त्याने नाव सांगितलं, मुलगी मिळाली. तो कोण, कुणाचा, काही विचारपूस नाही. मी त्या वेळी 'थँक्स यार' म्हणून मोकळा झालो. रात्री दोन वाजता जाग आली ती एकदम घामाघूम होऊन.

मग आम्ही स्पीच थेरपिस्टकडे गेलो. (आधीच जायला हवं होतं, हे बायको तीन वर्षं सांगत होती.) त्यांनी अर्धा तास लेकीशी गप्पा मारल्या आणि नंतर मला म्हणाल्या, 'तुम्ही तिची वाक्यं पूर्ण करता, लक्षात आलंय का?' आलं नव्हतं. अर्ध्या तासात सहा वेळा, त्यांनी मोजलं होतं. दिवसभर मशीनच्या ऑटोकम्प्लीटला शिव्या देणारा मी घरी तेच काम करत होतो. 'सावकाश बोल', 'नीट श्वास घे' हेही बंद करा म्हणाल्या. तिला वेळ द्या, ती काय सांगतेय ते ऐका, कसं सांगतेय ते नको.

यंदा शीट केली नाही. मार्चमधल्या शनिवारी फोन फिरवले आणि तेच चार-पाच प्रश्न विचारले. एका ताईमागे मुलं किती? घ्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवता? लहान मुलांसोबत टॉयलेटपर्यंत कोण जातं? पोहण्याचं असेल तर पाण्यात किती जण आणि काठावर नुसती नजर ठेवायला कोण? आणि मी सुरू असताना न सांगता येऊन बघू शकतो का? शेवटच्या प्रश्नाला निम्म्या ठिकाणी फोनवरचा आवाजच बदलायचा. एका ठिकाणी 'सर, आमच्याकडे सीसीटीव्ही आहे' असं उत्तर आलं. अहो, मी काय विचारतोय!

पुण्यात चांगल्या जागा नाहीत असं नाही. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाने, शोभा भागवतांनी, मुलांना नुसतं खेळू द्यावं हे पुणेकर पालकांना वर्षानुवर्षं सांगितलं. पण ते आम्हाला शहराच्या उलट्या टोकाला. सुट्टीत रोज दोन तास गाडीत बसवून तिला मुक्तपणे खेळायला न्यायचं, हे काही पटेना.

शेवटी पत्ता दिला व्हॅनवाल्या काकांनी. शाळेची व्हॅन चालवणारे काका सुट्टीत शिबिरांची वर्दी घेतात. मी सहज विचारलं, 'काका, कुठलं बरं आहे?' ते म्हणाले, 'साहेब, मला काय कळतंय त्यातलं. पण दोन ठिकाणची पोरं गाडीत बसली की झोपतात, एका ठिकाणची भांडतात, आणि त्या बाईंकडची पोरं घर येईपर्यंत बोलतच असतात. डोकं उठतं.' म्हटलं, डोकं उठवणाऱ्यांचाच पत्ता द्या. (माझ्या २३ ओळींच्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.)

बाई म्हणजे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या बैठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन आठवडे, चौदा मुलं, सोबत त्यांची एक मैत्रीण. छापील पत्रक नाही, सर्टिफिकेट नाही. कोण न्यायला येणार ते दोन नावांसकट वहीत लिहून घेतात, तिसरा माणूस आला तर आईबापाला फोन. मी न सांगता गेलो तर म्हणाल्या, 'आलात? बसा, हे वाटाणे सोला.'

त्या दिवशी मुलं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन आकार करत होती. ही अरविंद गुप्तांची जुनी युक्ती. कानपूर आयआयटीत शिकलेला हा माणूस २००३ पासून दहाएक वर्षं आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवत होता, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चौकोन केला की तो लुळा पडतो, बोटाने ढकलला की तिरका. त्रिकोण हलत नाही. मग चौकोनात एक तिरपी काडी बसवली की तोही ताठ. बाईंनी यातलं काही सांगितलं नाही, पोरांनीच एकमेकांवर ओरडून शोधून काढलं. पुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कळलं होतं, तेही परीक्षेपुरतं.

शेवटची वीस मिनिटं गप्पा. गोल करून बसायचं आणि मध्ये एक लाटणं. ज्याच्या हातात लाटणं, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी, बाईंनीसुद्धा, तोंड उघडायचं नाही. एका पोराने लाटणं धरून पाच मिनिटं क्रिकेटची मॅच सांगितली, कुणी हूं की चूं नाही. मग ते आमच्या लेकीकडे आलं. माझ्या हातातला वाटाणा हातातच राहिला. ती 'प' वर अडकली. चांगली अडकली, मान वाकडी होईपर्यंत. चौदा पोरं नुसती बघत बसली. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, लाटणं तिच्याकडे होतं ना! एक जण नाक कोरत होता. मग शब्द आला, 'पतंग', आणि पुढचं वाक्यही आलं, पुन्हा अडलं, पुन्हा आलं.

ती अडखळायची थांबलेली नाही. शिबिर संपूनही आता पंधरा दिवस झाले, अडखळते अजून. उरलेल्या साडेसहा तासांचा प्रश्नही सुटला नव्हताच. दुपारी खालच्या मैत्रिणीची आजी, दोन दिवस मी घरून काम, दोन दिवस बायको, असं पुढे ढकललं. माझ्या एका कॉलमध्ये मागून 'बाबा, धुवून दे' ऐकू आलं ते अमेरिकेपर्यंत पोचलं.

परवा रात्री जेवताना तिने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, आता मी. मग कुंडीतल्या लिंबाच्या झाडावरची हिरवी अळी सांगायला लागली. कालपर्यंत पानं खात होती, आज सकाळपासून खायची थांबलीये, फांदीला चिकटलीये, 'आणि बाबा, ती आता को... को...'

मला शब्द माहीत होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी वरणभात कालवत बसलो.