जिन्याखालच्या पत्रपेट्या

पुनर्विकासाच्या करारनाम्याला सोयीसुविधांची यादी जोडलेली असते. नळ कोणत्या कंपनीचे, फरशी किती बाय किती, ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा, सगळं तिथं लिहिलेलं असतं. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या यादीत पत्रपेट्यांसाठी मात्र एकच शब्द होता, ‘लेटरबॉक्स’. माप नाही, जागा नाही, कुलूप कसलं तेही नाही. सभेत कुणीतरी तो विषय काढला, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, “आता पत्रं येतात कुणाला?” आणि चर्चा पार्किंगकडे वळली. त्या प्रश्नाचं उत्तर सभेत द्यायला हवं होतं. ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आमच्या पिढीचं बालपण चाळीत गेलं आणि चाळीला पत्रपेटी नव्हती. चाळीला पोस्टमन होता. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आडनावाची दिलेली हाक. ज्याचं पत्र तो गॅलरीतून वाकायचा, आणि ज्यांचं नव्हतं तेही वाकायचे. पत्ता म्हणजे खोली नंबर, चाळीचं नाव आणि ‘गिरगाव, मुंबई ४’. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. ‘मुंबई ४’चं ४००००४ झालं, ‘दादर २८’चं ४०००२८ झालं, तरी आमचे वडील कितीतरी वर्षं ‘मुंबई ४’च लिहीत राहिले आणि पत्रं बिनबोभाट पोचत राहिली. कारण शेवटच्या पन्नास पावलांचं काम आकड्याचं नव्हतंच, ते पोस्टमनचं होतं. कोण कुणाकडे मार्फत राहतं, कुठली सून माहेरच्या नावानं पत्र मागवते, कुठल्या खोलीत तीन जोशी आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं.

त्या पत्रांचे विधी होते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असे, ती आधी देवापुढे ठेवायची आणि मग उघडायची. कुणी गेल्याचं कार्ड आलं, की ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. गिरणगावातला माणूस कोकणात मनीऑर्डर धाडायचा, तेव्हा फॉर्मच्या तळाशी मजकुराला जेमतेम चार ओळींची जागा असे. त्या चार ओळींत पेरणी, गाय, आईचं दुखणं आणि गणपतीला येण्याचं वचन मावायचं. दिवाळीला पोस्टमन पोस्त मागायला यायचा आणि ती देताना कुणी हात आखडत नसे. त्याच्या ताटलीत फराळही पडायचा.

आज दाराशी येणारा माणूस गेटवर अॅपमध्ये नोंदवला जातो. मोबाइल वाजतो, आपण ‘अलाऊ’ दाबतो, तो सर्व्हिस लिफ्टनं वर येतो, ओटीपी विचारतो आणि जातो. सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी हातात पडते. मुंबईहून रत्नागिरीला गेलेल्या कार्डाचं उत्तर येईपर्यंत आठवडा जायचा, त्या काळातल्या माणसानं या वेगाबद्दल तक्रार करू नये. पण त्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या मजल्यावरचं कुणी आजारी आहे की परगावी गेलंय, हे त्यालाही ठाऊक नसतं. पोस्टमनला ते ठाऊक असायचं. एखाद्या म्हाताऱ्या बाईनं दोन हाकांना ओ दिली नाही, तर तो शेजारचं दार वाजवायचा.

तरीही चाळीतल्या त्या हाकेचं मी गुणगान करणार नाही. पोस्टकार्ड उघडं असतं, आणि चाळीत उघडं ते सगळ्यांचं. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झाला, की आठ-दहा दिवसांनी कार्ड यायचं. ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘सध्या विचार नाही’. ती मुलगी टायपिंगच्या क्लासवरून परत यायच्या आत तिचा नकार अख्ख्या मजल्याला कळलेला असे. मग नळावर बायकांचं बोलणं ती आली की थांबायचं. असे किती नकार किती मुलींनी मान खाली घालून पचवले, याचा हिशेब आमच्या पिढीनं कधी मांडला नाही. आज तोच नकार मोबाइलवर तिच्या एकटीच्या डोळ्यांसमोर येतो. वाईट वाटणं तेवढंच असेल, पण ते तिचं तिच्यापाशी राहतं.

ही सुधारणा मोबाइलच्याही आधी केली ती पत्रपेटीनं. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकीच्या सदनिकांचा कायदा आल्यावर चाळीतली माणसं हळूहळू डोंबिवली, मुलुंड, ठाणे, कोथरूडकडे सरकली. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि जिन्याखाली पत्रपेट्या. आमच्या इमारतीतल्या पेट्या सुतारानं जागेवरच ठोकल्या होत्या. प्लायवुडचं एक मोठं खोकं, त्यात आडव्या-उभ्या फळ्या घालून कप्पे केलेले. प्रत्येक कप्प्याला बिजागरीचं दार, दारात वर एक फट आणि खाली रुपयाएवढी तीन भोकं. वर पेंटरनं पिवळ्या रंगात आडनावं काढलेली. जागा कमी पडली की ‘कुलकर्णी’मधला ‘र्णी’ बारीक होऊन कडेला चिकटायचा. किल्ली घरात दारामागच्या खिळ्याला. कामावरून आलेला माणूस चपला न काढता आधी वाकून भोकातून पाहायचा. आत पांढरं दिसलं तर वर जाऊन किल्ली आणायची, निळं दिसलं तर आंतर्देशीय, म्हणजे माहेरचं. निळं दिसलं की आई दोन-दोन पायऱ्या चढायची.

त्या पेट्यांची दुर्दशाही सांगायला हवी. पावसाळ्यात प्लाय फुगायचा आणि दार अडकायचं. फटीत फूटपट्टी घालून मासिकं काढणारे हात इमारतीतलेच असायचे. दिवाळी अंक फटीत शिरायचा नाही, म्हणून पेट्यांच्या डोक्यावर ठेवला जायचा, आणि वर्गणी भरणाऱ्याच्या आधी दोन घरं तो वाचून काढायची. एखादा पोरगा फटीत लवंगी फटाका टाकायचा. आणि सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे बँकेच्या किंवा रेल्वेच्या मुलाखतीचं बोलावणं. ते मागच्या फळीला चिकटून राहायचं आणि तारीख उलटून गेल्यावर सापडायचं. तेव्हाच्या मध्यमवर्गात सरकारी नोकरीचं एक पत्र म्हणजे एका घराचं नशीब होतं, आणि ते आम्ही अर्धा इंच जाडीच्या, फुगलेल्या प्लायच्या हवाली केलं होतं.

आता ‘पत्रं येतात कुणाला?’ या प्रश्नाकडे येऊ. खुशालीची पत्रं येत नाहीत, हे खरं. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पण पासपोर्ट टपालानं येतो. पॅनकार्ड, आधारचं पत्र, बँकेचं कार्ड टपालानं किंवा कुरिअरनं येतं. कोर्टाची नोटीस आणि आयकराचा कागद येतो, जुन्या शेअर्सबद्दल कंपनीचं पत्र येतं. यातलं काही सहीशिवाय मिळत नाही, पण बरंचसं साध्या पाकिटात असतं आणि ते पेटीतच पडतं. पेटी नसेल तर सुरक्षारक्षकाच्या टेबलावर, पार्सलांच्या ढिगाखाली. पूर्वी हरवलेल्या पत्रासोबत मावशीची खबर हरवायची, आता हरवलेल्या पाकिटासोबत आपली ओळखच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पत्रं कमी झाली, पण प्रत्येक पत्राची किंमत वाढली आहे.

डिजिटल पत्ता आला, मग पेटी कशाला, असंही कुणी म्हणेल. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. दहा अक्षर-आकड्यांत देशातला सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन नेमका सांगणारी ही सुंदर सोय आहे. शेतातल्या एकट्या घराला किंवा वस्तीतल्या बिननावाच्या गल्लीला तिचा मोठा आधार होईल. पण वीस मजली टॉवरमध्ये त्या एका चौकोनात एकावर एक वीस कुटुंबं राहतात. मजला शोधण्याचं काम शेवटी तळमजल्यावरच्या पेटीलाच करावं लागतं.

आमच्या पिढीची बरीच मुलं न्यू जर्सीत आहेत. तिथं गेलेले आजी-आजोबा बाकी काही नाही तरी पत्रपेट्या बघून थक्क होतात. नव्या वसाहतींना तिथंही दारोदार येणारा पोस्टमन सहसा मिळत नाही, सगळ्यांच्या पेट्या एकत्र असतात. पण त्या पेट्या बिल्डरच्या मर्जीच्या नसतात. इमारतीच्या भिंतीत बसवायच्या सामाईक पेट्यांसाठी अमेरिकन टपाल खात्याचं ४सी नावाचं मानक आहे, आणि २००६ पासून नव्या इमारतींना ते बंधनकारक आहे. कप्पा आतून किमान १२ इंच रुंद, ३ इंच उंच, १५ इंच खोल. रहिवाशाचं कुलूप जमिनीपासून ६७ इंचांहून उंच नको. पोस्टमन खात्याच्या एका किल्लीनं पुढची अख्खी चौकट उघडतो आणि भराभर पत्रं घालतो. मोठं पार्सल असेल तर खालच्या कप्प्यात ठेवून त्याची किल्ली तुमच्या पेटीत टाकतो. आणि तिकीट न लावलेलं काहीही दुसऱ्याच्या पेटीत टाकणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या पेट्या पिझ्झाच्या आणि क्लासच्या पत्रकांनी तुंबलेल्या असतात, आणि खरं पाकीट त्या रद्दीबरोबर निघून जातं.

आपल्याकडे नियम अगदीच नाही असं नाही. मुंबई वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पत्रपेटीचं कलम आहे. पाच किंवा अधिक मजल्यांच्या निवासी आणि व्यापारी इमारतींत तळमजल्यावर योग्य मापाची पत्रपेटी हवी, असं ते सांगतं. ‘योग्य माप’ म्हणजे किती, हे मात्र आपणच ठरवायचं. तिथं घोडं पेंड खातं. आर्किटेक्टला लॉबीत संगमरवर आणि झुंबर हवं असतं, पेट्या दिसल्या की शोभा जाते. मग त्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीशेजारी लागतात. तिथं उजेड नसतो, म्हातारी माणसं उतरत नाहीत आणि पोस्टमनला कुणी सोडत नाही.

जिन्याखालच्या त्या पेट्यांपाशी आमच्या इमारतीची निम्मी बोलणी व्हायची. किल्ली फिरवता फिरवता वरच्या मजल्यावरच्या माणसाची विचारपूस व्हायची, परदेशी तिकीट मागायला मुलं रेंगाळायची, मग ते तिकीट वाटीभर पाण्यात भिजवून कागदापासून सोडवायची. लिफ्टच्या लॉबीत आज आपण शेजारी उभे राहतो आणि मजल्याचे आकडे बघतो. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. फुगलेला प्लाय आणि उघडी पोस्टकार्डं मला परत नको आहेत. पण रोज एकदा थांबायला लावणारी एक जागा तरी इमारतीत असावी, असं मनापासून वाटतं, आणि पत्रपेटीइतकी निरुपद्रवी जागा दुसरी मला दिसत नाही.

म्हणून ज्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यांना विनंती आहे. सह्या करण्याआधी त्या एका शब्दाच्या पुढे चार ओळी लिहून घ्या. पत्र्याची, गंज न धरणारी पेटी. ए-फोर आकाराचं पाकीट आणि दिवाळी अंक न दुमडता मावेल एवढा कप्पा. हात शिरणार नाही अशी फट. जागा मुख्य लॉबीत, उजेडात, रक्षकाच्या नजरेसमोर, पोस्टमनला थेट पोचता येईल अशी. ज्येष्ठांच्या आणि व्हीलचेअरवरच्या माणसांच्या पेट्या खालच्या ओळीत. नाव मराठीत आणि इंग्रजीत, फ्लॅट नंबर ठळक. पार्सलसाठी कुलपाचे काही मोठे कप्पे. आणि इमारत पाडल्यावर जी दोन-तीन वर्षं सगळे भाड्याच्या घरांत पांगतात, तेव्हा ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून पत्रं परत जातात. त्यासाठी घर रिकामं करण्याच्या आधीच प्रत्येक सभासदानं आपल्या पोस्ट ऑफिसात नव्या पत्त्याचा लेखी अर्ज द्यावा, आणि किती जणांनी तो दिला याची यादी सेक्रेटरींनी ठेवावी. आमच्या सोसायटीची पुढची सभा झाली की हा मजकूर करारनाम्याला जोडण्याचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्याही सभेत मांडा.