मासळीच्या कारखान्यातली चित्रं

अ‍ॅबाचं 'मनी, मनी, मनी' हे गाणं १९७६ सालचं. आमच्याकडे ते उशिरा पोचलं, तेही कुणाकडून तरी भरून आणलेल्या कॅसेटवर. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा ऐकायचं. गाण्यात पैशांचा एवढा जप चाललेला असला तरी त्या गाण्याने मिळवलेल्या पैशांचं काय झालं असेल, असं तेव्हा कधी मनात आलं नाही. पैसा म्हटला की तो मोजणारा, गुंतवणारा, त्याचे कागद सांभाळणारा कुणीतरी असणारच. स्वीडनच्या या चौघांच्या पैशांचा व्यवहार एके काळी पाहत होते यान मानित्स्की. गंमत अशी, की हे गृहस्थ मुळात स्वीडिश नव्हतेच. बाल्टिक समुद्राच्या पलीकडच्या काठावरचे, एस्टोनियाचे.

एस्टोनियाचा उत्तर किनारा नकाशात पाहिला तर समुद्रात घुसलेली चार-पाच बोटं दिसतात. त्यांतलं एक पॅरिस्पेआ. त्याच्या टोकाजवळ विनिस्तू नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मानित्स्कींचा जन्म तिथे १९४२ साली झाला. पाइनचं जंगल, हिमयुगात बर्फाने ढकलत आणून टाकलेले प्रचंड धोंडे, आणि समोर फिनलंडचं आखात. फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ दारूबंदी होती, तेव्हा या किनाऱ्यावरच्या होड्या रात्रीच्या वेळी मासळीपेक्षा किमती माल घेऊन पलीकडे जात. त्या काळात गावं चांगली गबर झाली. कुठल्याही दारूबंदीचा फायदा शेजाऱ्याला होतो, यात नवल काही नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांना समुद्र ही हद्द वाटतच नव्हती. तो त्यांचा नेहमीच्या ये-जा करण्याचा रस्ता होता.

मग युद्ध आलं आणि हाच रस्ता पळून जायच्या कामी आला. आधी सोव्हिएत, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत, अशा तीन खेपांत हा देश चिरडला गेला. १९४४ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसं मिळेल त्या होडीत बसून स्वीडनकडे, नाहीतर जर्मनीकडे निघून गेली. मानित्स्कींच्या घरच्यांनी तान्ह्या पोराला घेऊन स्वीडन गाठलं. मागे उरलेल्यांच्या वाट्याला सोव्हिएत किनारा आला. तो आता सरहद्दीचा लष्करी पट्टा होता. होडी पाण्यात लोटायला परवाना, किनाऱ्यावर पहारा, मासेमारी फक्त कोल्खोजची, म्हणजे सरकारी सामूहिक संस्थेची. ज्या पाण्यावर बापजाद्यांचं पोट चाललं, त्याच्याकडे घराच्या खिडकीतून बघत राहायचं.

माझ्या मनात हा मुलगा घर करून बसला आहे. निर्वासितांच्या लिखाणात आठवणींचा पूर असतो: अंगणातली विहीर, आजीची चूल, शाळेची घंटा. या मुलाकडे त्यातलं काही असण्याची शक्यताच नव्हती. इतक्या लहान वयात सुटलेलं गाव डोळ्यांत राहत नाही. ते मोठ्यांच्या बोलण्यात असतं, तेही त्यांच्या रडण्याचा रंग चढलेलं. तो वाढला स्वीडनमध्ये, शिकला तिथे, पैसा पाहायला आणि वाढवायला शिकला तिथेच. आणि चाळिशी उलटून गेल्यावर, सोव्हिएत सत्तेचे सांधे खिळखिळे होत असताना, तो परत आला. परत आला असं आपण म्हणतो, पण ज्याला जागाच आठवत नाही त्याने परत यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मानित्स्कींनी आधी सरकारी चाकरी केली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. १९९२ साली लेनार्ट मेरी यांच्यानंतर काही महिने ते देशाचे परराष्ट्रमंत्री होते. त्याच वर्षी जूनमध्ये एस्टोनियाने रूबल टाकून स्वतःचा क्रून चलनात आणला. पॉप संगीताच्या नफ्यातोट्यातून थेट एका नवजात राष्ट्राच्या परराष्ट्र खात्यात, हा प्रवास त्या धांदलीच्या काळातच शक्य होता. ते पद लवकरच गेलं. मग ते चित्रांकडे वळले. एस्टोनियन चित्रं, फक्त एस्टोनियन. आणि ती ठेवायला त्यांनी राजधानी निवडली नाही. विनिस्तूतच, कोल्खोजच्या काळातला मासळीवर प्रक्रिया करणारा बंद पडलेला कारखाना होता. त्याचं त्यांनी संग्रहालय केलं, जोडीला मुक्कामाची आणि जेवणाची सोय केली. कारखान्याच्या पाण्याच्या दोन मोठ्या गोल टाक्या होत्या, त्यांचीही दालनं झाली.

या टाक्यांवर मी फार विचार केला आहे. गोल भिंतीवर चौकोनी चित्र नीट बसत नाही. दोन्ही कडा टेकतात आणि मधे फट राहते. चांगला संग्रहालयशास्त्री अशी जागा हातात आली तर कपाळाला हात लावेल. पण ज्या इमारतीत माणसांच्या हाताला बाराही महिने खवल्यांचा वास येत असे, तिथे चित्र टांगलं की चित्राचाही ताठा जरा उतरतो. संगमरवरी दालनात आपण आपसूक आवाज खाली आणतो. तो खाली आलेला आवाज मला कधी आवडलेला नाही.

देश केवढा, तर लोकसंख्या तेरा-साडेतेरा लाख, नाशिक शहरापेक्षाही कमी. एवढ्याशा देशाची चित्रकला फार जुनी असणार तरी कशी? शेतकरी एस्टोनियन, मालक जर्मन, वर झार, अशी शतकानुशतकं गेली. एकोणिसाव्या शतकातले योहान क्योलर हे शिक्षण घेऊन चित्रकार झालेले पहिले एस्टोनियन मानले जातात. त्यांची हयात बरीचशी पीटर्सबर्गमध्ये गेली, झारच्या मुलीला ते चित्रकला शिकवत. स्वतःची अशी कलाशाळा 'पल्लास' १९१९ साली तार्तूत निघाली, आणि वीस-पंचवीस वर्षांत युद्धाने तिचाही निकाल लावला. एदुआर्द वीराल्टसारखा अफाट हाताचा मुद्राचित्रकार, ज्याच्या 'नरक' या चित्रात एका चेहऱ्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा उगवत जातो, १९५४ साली पॅरिसमध्ये वारला आणि तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत आहे. माणसांची जशी पांगापांग झाली, तशीच चित्रांचीही.

पल्लासचे पहिले प्रमुख होते कोन्राद मॅगी. (हसू नका, आडनाव खरंच तसं आहे.) त्यांची चित्रं तालिनच्या कुमू संग्रहालयात मी पाहिली. १९१३-१४ च्या सुमारास ते प्रकृतीसाठी सारेमा बेटावर गेले होते, तेव्हाचा समुद्रकिनारा. लांबून वाटतं, दगड, पाणी, ढग, एवढंच आहे. कोबीच्या जातीची खाऱ्या वाळूत उगवणारी रानझुडपं पुढे दाटलेली. जवळ गेलं की ते सगळं सुटं होतं. दगड करडा नाही. तो जांभळा, गुलाबी, मधेच पिवळा, अशा रंगाच्या लहान लहान थापांचा आहे. थापा एकमेकींना चिकटून, पण एकमेकींत न मिसळलेल्या. ढग डोंगराएवढे जड. हवा दिसत नाही, आजार दिसतो. किंवा मला त्यांचं पुढचं ठाऊक असल्यामुळे दिसला असेल. पॅरिसमध्ये आणि नॉर्वेत त्यांनी उपासमार काढली, १९२५ मध्ये मन हरवलेल्या अवस्थेत तार्तूत ते वारले, तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांची कितीतरी चित्रं आजवर सापडलेली नाहीत. कुणाच्या माळ्यावर असतील, कुणाच्या चुलीत गेली असतील.

श्रीमंतांच्या चित्रसंग्रहाबद्दल मला, खरं सांगायचं तर, संशयच असतो. उपाशी मेलेल्या माणसाचं चित्र भरल्या पोटी विकत घ्यायचं, त्याची किंमत चढवायची आणि ते जिनिव्हाच्या करमुक्त गोदामात अंधारात ठेवायचं, हा जगभर चालणारा धंदा आहे. त्यातला रसिकपणा तोंडी लावण्यापुरता. काय जपायचं आणि काय नाही हेही मग पैसेवालाच ठरवतो. हा आक्षेप एस्टोनियालाही लागू आहे. पण नव्वदच्या दशकात त्या सरकारपुढे चलन, सैन्य, शाळा, पेन्शन अशी रांग लागली होती. राष्ट्रीय कलासंग्रहाला हक्काची मोठी इमारत, म्हणजे कुमू, मिळायला २००६ साल उजाडलं. विनिस्तूचं संग्रहालय त्याच्या आधीच उभं होतं. या मधल्या वर्षांत खासगी माणसांनी हात आखडता घेतला असता, तर बाजारात आलेली चित्रं कुठे गेली असती हे सांगायला ज्योतिषी नको.

असे हौशी एकटे मानित्स्कीच नाहीत. एन कुनिला हे तिथले दुसरे उद्योजक. त्यांची आवड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रंगांच्या चित्रकारांची, म्हणजे पुन्हा मॅगी. त्यांची रीत मात्र वेगळी. ते चित्रं घेऊन बाहेर पडतात: प्रदर्शनं, पुस्तकं, परदेशी संग्रहालयांशी बोलणी. १९२१-२२ मध्ये मॅगी इटलीत भटकले, रोम, काप्री, व्हेनिस त्यांनी रंगवलं, आणि २०१७ साली त्याच रोममध्ये राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यामागे कुनिला होते. एक जण गावाला चित्रं आणून देतो, दुसरा चित्रांना गावोगावी नेतो. कामाचा आवाका पाहिला तर कुनिलांचं पारडं जड ठरेल. माझा ओढा मात्र विनिस्तूकडे आहे, आणि त्याचं कारण तो आठवणी नसलेला मुलगा.

कारण मला असं वाटतं, की मानित्स्कींनी गोळा केली ती दुसऱ्यांची नजर. हा धोंडा, हे आखात, हा उशिरा येणारा आणि चटकन सरणारा उन्हाळा त्यांनी स्वतः लहानपणी पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला त्यांनी तो रंगवून ठेवला होता. तो त्यांनी एकेक करून विकत घेतला आणि आपण जिथे वाढायचं राहून गेलो त्या जागी नेऊन टांगला. त्यांना असंच वाटत होतं का, हे मी कुठे वाचलेलं नाही. त्यांना विचारलं असतं तर कदाचित त्यांनी व्यवहाराचंच काही उत्तर दिलं असतं. हिशेबाची माणसं मनातलं चटकन बोलत नाहीत. पण तालिनमध्ये हीच भिंत भाड्याने घेतली असती तर दसपट लोकांनी चित्रं पाहिली असती, एवढं त्यांना नक्की कळत होतं. तरी त्यांनी ती इतक्या आडबाजूला नेली. हिशेबात पक्क्या माणसाने केलेल्या या एका बेहिशेबी गोष्टीवर माझा सगळा भरवसा आहे.

हल्ली आपल्याकडचे बरेच लोक युरोपच्या सहलीत हेलसिंकीला जातात आणि दोन तासांच्या बोटीने तालिनचा एक दिवस उरकतात. जुन्या शहराच्या फरसबंदीवर फोटो काढायला तासभर पुरतो. उरलेला अर्धा दिवस कुमूच्या तिसऱ्या मजल्याला द्या, मॅगी तिथे आहेत. आणखी एक दिवस हाताशी असला तर गाडी करून पूर्वेला लाहेमाच्या जंगलाकडे निघा. विनिस्तूला जायचं ठरवलंत तर आधी फोन करून दार उघडं आहे ना, याची तेवढी खात्री करून घ्या. खासगी संग्रह शेवटी मालकाच्या मर्जीचा असतो.