दाखला आणि मुद्देमाल

शस्त्र एका देशातून दुसऱ्या देशात जायचे तर ते शेवटी कोण वापरणार, याचा सहीशिक्क्याचा सरकारी दाखला लागतो. चोरटा माल दर वेळी रात्रीच्या अंधारात होडीतूनच निघतो असे नाही. पुष्कळदा तो हा दाखला दाखवून, भरदिवसा, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतो. म्हणून तपासाची सुरुवात कागदापासून व्हावी.

*

पश्चिम बंगालमधले पुरुलिया, 17 डिसेंबर 1995ची रात्र. एएन-26 जातीच्या विमानातून पॅराशूटला बांधलेल्या पेट्या खाली सोडल्या गेल्या आणि सकाळी झालदा भागातल्या गावकऱ्यांच्या हाती एके-47 रायफली लागू लागल्या. माल बल्गेरियातला, बुर्गासला चढवलेला. दाखल्यावर घेणारा म्हणून नाव बांगलादेशाचे.

हे विमान शस्त्रे पोटात घेऊन वाराणसीला उतरले होते. तिथे इंधन भरून उडाले, पेट्या टाकल्या आणि रिकामे होऊन कोलकात्याला पुन्हा इंधन भरून फुकेतला गेले. दोन्ही विमानतळांवर कुणी आत डोकावले नाही.

पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रव्यापारी या सौद्यात होता आणि त्याने आपल्या देशाच्या संरक्षण खात्याला आधीच कळवले होते. बातमी दिल्लीपर्यंत आली. दिल्लीहून पश्चिम बंगालला इशारा गेला तो रजिस्टर पोस्टाने, आणि वेळेत पोचला नाही. रायफली आकाशातून येतात आणि इशारा टपालाने जातो, याचा मला अजूनही संताप येतो.

*

चार दिवसांनी तेच विमान परत फिरले, तेव्हा हवाई दलाने ते मुंबईत उतरायला लावले. ब्लीच आणि लाटव्हियाचे पाच कर्मचारी पकडले गेले. सूत्रधार किम डेव्ही, खरे नाव नील्स होल्क, मुंबई विमानतळावरूनच निसटला. सापळा लावून उतरवलेल्या विमानातला मुख्य माणूस चालत निघून जातो, याचे पटेल असे उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही. पकडलेल्यांना 2000 साली जन्मठेप झाली. विमान कर्मचारी त्याच वर्षी सुटले, ब्लीच 2004 साली. होल्कला भारताच्या हवाली करायला डेन्मार्कच्या न्यायालयाने 2011 साली नकार दिला. 2024 साली पुन्हा नकार. भारतात छळ होण्याचा धोका आहे, हे कारण. आपल्या कोठड्यांची कीर्ती आपल्याच तपासाच्या आड आली.

*

लिओनिद मिनिन, शस्त्रांचा दलाल. 1999च्या मार्चमध्ये युक्रेनहून 68 टन शस्त्रे बुर्किना फासोला उतरली, दाखला त्याच देशाचा. तिथून ती मिनिनच्या विमानाने लायबेरियाकडे वळवली गेली. पुढल्या वर्षी मिलानजवळच्या एका हॉटेलात तो सापडला, सोबत कागदपत्रांचा ढीग. एवढा पुरावा असूनही इटलीच्या न्यायालयात शस्त्रांचा खटला टिकला नाही, कारण शस्त्रांनी इटलीच्या भूमीला स्पर्शच केला नव्हता. दलाल एका देशात, माल दुसऱ्या, पैसा तिसऱ्या: कायद्याच्या या फटी दलालाला तोंडपाठ असतात.

*

लांब कशाला जायचे? 1993 साली दिघी आणि शेखाडीला माल उतरला, तो रायगडच्या किनाऱ्यावर. मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात कस्टमचे आणि पोलिसांतले लोकही दोषी ठरले.

*

कागदानंतर बंदूक: तिच्यावरचा कानशीने घासलेला नंबर. अंक ठोकताना पोलाद खालपर्यंत दाबले जाते, त्यामुळे वरचा अंक गेला तरी खालचा दबलेला भाग तसाच राहतो. प्रयोगशाळेत पृष्ठभाग आरशासारखा घासतात आणि कापसाच्या बोळ्याने आम्लमिश्रित तांब्याच्या क्षाराचे द्रावण हळूहळू फिरवतात. दबलेल्या जागी आम्लाचा परिणाम वेगळा होतो. एखादा ३ किंवा ८ अंधुक वर येतो, कधी क्षणभरच, म्हणून कॅमेरा तयार ठेवावा लागतो. असा पूर्ण नंबर जुळला की त्यावरून कारखाना, साल आणि पहिला खरेदीदार यांपर्यंत पोचता येते. कारखान्याची खूण म्हणून वर्तुळातला 10 दिसला की बल्गेरिया.

*

म्हणूनच जप्त बंदूक घाईने वितळवू नये. आधी नंबर, फोटो, तपास. आणि खटला निकाली निघाल्यावर मात्र ती मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षे ठेवू नये. लाखेचे सील सुटते, चिठ्ठीवरची शाई उडते, कारकून बदलतो. पोत्यात कट्टे किती होते हे सांगणारा मग कुणी उरत नाही. अल्बानियात 1997 साली कोठारे फुटली आणि लाखो शस्त्रे लोकांच्या हाती गेली. त्यांतली बरीच पुढे कोसोवोत पोचली. ती तर सरकारचीच होती, पहाऱ्यातली.

*

मोझांबिकमध्ये 1995पासून ख्रिस्ती मंडळींनी लोकांकडून बंदुका घेऊन बदल्यात शिवणयंत्रे, सायकली, अवजारे दिली. कापून निकामी केलेल्या तुकड्यांतून केस्टर या कलावंताने सिंहासन घडवले, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुंदर काम. पण मला त्यातले कापणे महत्त्वाचे वाटते.

*

कापायचे म्हणजे कुठे? नुसती नळी कापली तर नवी बसवता येते. मधला सांगाडा, खटका-बोल्ट आणि नळी, तिन्ही तोडायला हवे. अमेरिकेत कायद्याच्या नजरेत नंबर असलेला सांगाडा म्हणजेच बंदूक. त्यामुळे पोलिसांनी नष्ट करायला दिलेल्या बंदुकांचा तेवढाच भाग चिरडून बाकीचे सुटे भाग संच म्हणून विकणाऱ्या कंपन्या तिथे निघाल्या. नवा सांगाडा मिळवला की बंदूक पुन्हा तयार. तेव्हा 'नष्ट केले' असा शेरा मारणाऱ्याने पंचांसमोर नंबर वाचावा, प्रत्येक तुकड्याचा फोटो घ्यावा आणि भट्टीत गेलेल्या लोखंडाचे वजन लिहून खाली सही करावी.