मागच्या खेपेला काय झालं?

‘ॲप कसं वाटलं?’ हा प्रश्न मी शेतकऱ्यांना विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं : ‘चांगलंय की, ताई.’ घरी आलेल्या माणसाचं काम तोंडावर वाईट कोण म्हणेल? वर चहाही पाजतात. आमच्या धंद्यात अशा ‘चांगलंय’च्या भरवशावर कितीतरी ॲप बाजारात आली आणि आठवड्यात फोनमधून उडाली.

कांद्याच्या बाजारभावाचं ॲप करायचं ठरलं, तेव्हा मी नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडे फिरत होते. पुण्याच्या ऑफिसात डिझाइन तयारच होतं. वर मोठ्या आकड्यांत आजचा सर्वाधिक भाव, खाली रंगीत आलेख. युजर रिसर्च म्हणजे त्यावर गावाचा शिक्का मारून आणायचा, एवढीच तिथली कल्पना. मी ते डिझाइन कुणाला दाखवलंच नाही. एवढंच विचारायचे, ‘मागच्या खेपेला कांदा नेलात, तेव्हा काय काय झालं?’

मग माणसं बोलायची थांबत नसत. आदल्या रात्री मुलानं व्हॉट्सॲप ग्रुपवर भाव पाहिला. पहाटे साठवणीच्या चाळीतून कांदा काढला, बायांनी सडका टाकून दिला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा केला. पिकअप भाड्यानं आणली. लिलावात बोली बरी लागली, पण व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना वांधा निघाला आणि क्विंटलमागे पैसे कापले गेले. एक काका म्हणाले, ‘सगळ्यात जास्त भाव एखाद्या ट्रॉलीला मिळतो, ताई. तो बघून मी काय करू?’

बाजार समितीचे दर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन असतात. या लोकांची नजर जाते तिसऱ्यावर, आणि त्याच्याही आधी आवकेवर. आज गाड्या किती आल्या, यावरून ते उद्याचा अंदाज बांधतात. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून आज विकावा की थांबावं, हा त्यांचा खरा प्रश्न.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिलं होतं की, पाच जणांकडून वापरून घेतलं तरी डिझाइनमधल्या बहुतेक अडचणी सापडतात. ऑफिसात हे वाक्य फार लाडकं, कारण पाचात खर्च भागतो. पण पाच कोणते? बाजार समितीच्या यार्डात भेटलेले पाचही जण पुरुष, आणि पाचही त्या दिवशी विकायचं ठरवून आलेले. थांबायचं ठरवलेला माणूस यार्डात भेटणार कसा? तो घरी. चाळीत सड किती लागलीय, आणखी किती दिवस थांबता येईल, हे नेमकं सांगतात त्या निवडायला बसणाऱ्या बाया. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून आमच्या यादीत त्या ‘युजर’ नव्हत्याच.

ऑफिसात वाद झाला. सर्वाधिक भाव खाली गेला, वर आवक आणि सर्वसाधारण दर आले. आलेखाच्या जागी भाव व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण आलं. चाळीतल्या सडीचा हिशेब ठेवायची सोय मात्र ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणून मागे पडली. माझ्या मते तीच आधी हवी होती. शेतकऱ्यांसाठी काही बनवणार असाल, तर यार्डाच्या आधी एकदा चाळीवर जाऊन बसा.