पुढचं चाक खाली कुठं जाणार?

"मेस्त्र्यांनू, पुढसून जरा उचलूक व्हयी."

जुनी थार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुधा हेच. कुडाळ-मालवण रस्त्यावरच्या गॅरेजातले मेस्त्री त्यावर विचारतात, "उचलतंय, पण मगे चाक खाली खय जातला?" समोरच्याला प्रश्नच कळत नाही. मेस्त्री मात्र कित्येक वर्षं याच प्रश्नाभोवती फिरताहेत, आणि उजवं मनगट दुखरं झाल्यापासून तर जास्तच.

जुनी थार म्हणजे 2010 साली आलेली सीआरडीई. मागे कमानपाटे, पुढे टॉर्शन बार. 2020 च्या नव्या थारला पुढे कॉइल आली, तिथे हा घोळ नाही. जुनीचं नाक चासीलगतच्या पोलादी दांड्याच्या पिळावर तोललेलं असतं. दांड्याच्या टोकाशी एक बोल्ट. तो आवळला की नाक वर येतं. सामान आणायला नको, खर्च नाही, गाडी लगेच रुबाबदार दिसते. सगळा मोह त्या बोल्टात आहे.

बोल्ट आवळल्यावर गाडी कडक लागते, म्हणून दांडाच कडक झाला असा समज गॅरेजवाल्यांतही पक्का बसलाय. मेस्त्रींना तो सहन होत नाही. दांडा तोच, जाडी तीच, मग कडकपणा येणार कुठून? तो जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. जाडी 10 टक्क्यांनी वाढली तर कडकपणा जवळपास 46 टक्क्यांनी वाढतो. बोल्ट त्या हिशेबात बसतच नाही. हिसका बसतो त्याचं कारण वेगळं आहे. चाकाची वर-खाली मिळून चाल ठरलेली असते. नाक वर घेतलं की दबायला जागा वाढते आणि लोंबायला तेवढीच कमी होते. गुडघे ताठ ठेवून पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखी ती गाडी मग प्रत्येक खड्ड्यात आदळते. चाकाला धरणारा आर्म लोंबायच्या टोकाच्या रबरावर जाऊन ठोकतो आणि चाक जमीन सोडतं. चिरेखाणीच्या वाटेवर किंवा देवगडकडच्या कातळावर असं चाक नुसतं गरगरतं आणि इंजिनाचा जोर त्यातच वाया जातो. वर एक्सलचे सांधे तिरके होतात, त्यांचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर येतं आणि तांबडी माती आत जाते.

पूर्वी हे सगळं मेस्त्रींचा हात सांगायचा. बंपरवर दोन्ही तळवे टेकून नाक दाबायचं, सोडायचं. वर येताना ते कसं थांबतं, कुठं ठोकतं, हे त्यांना तिथल्या तिथे कळे. 'मेस्त्री हात लावून सांगतात' अशी ख्याती होती, आणि ती ऐकायला आवडायची हे ते लपवत नाहीत. बघे जमले की दाबायला अंमळ जास्तच वेळ लागायचा.

आता मनगटाला तो जोर झेपत नाही. हाताखाली आयटीआय झालेला पोरगा आहे, तो टेप काढतो. गाडी सपाटीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतो. मग चासीखाली जॅक लावतो, चाक अधांतरी लोंबू देतो आणि तेच माप पुन्हा घेतो. दोन्हींतला फरक खडूने मडगार्डवर लिहितो. आधीच कुठूनतरी 'उचलून' आणलेल्या एका थारचा हा फरक जेमतेम बोटभर निघाला. मेस्त्रींच्या हाताला 'ठोकतंय' एवढंच कळायचं. किती ठोकतंय, ते आता मडगार्डवर लिहिलेलं असतं. मालकाला खडूचे आकडे दाखवले की निम्मं भांडण तिथंच मिटतं. हातावर विश्वास ठेवायला माणूस ओळखीचा लागतो, टेपला ओळख लागत नाही. मेस्त्रींना याचा आनंद आहे आणि थोडं वाईटही वाटतं.

घाटावरच्या काही दुकानांबद्दल मात्र त्यांचा राग खरा आहे. फोटो बघून स्पेसर बसवायचे, उंची इंचांत विकायची आणि पुढे कायमचं वजन किती राहणार हे विचारायचंच नाही. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा ओल्ड मॅन एमू घ्या, तिथे पुढच्या स्प्रिंगा वजन बघूनच निवडतात. लोखंडी बंपर आणि विंच चढणार असेल तर जाड दांडा हवाच. नसेल तर तोच दांडा कातळावर दात खिळखिळे करतो. तारकर्लीच्या वाळूसाठी कुणी सस्पेन्शन मागायला आलं, तर मेस्त्री टायरची हवा 15 ते 18 पीएसआयवर आणायला सांगून परत पाठवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि मूळ रचनेतल्या बदलांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, हेही ते काम घेण्याआधीच सांगतात. एमएच 07 ची गाडी शेवटी ओरोसला पासिंगला न्यायची असते.

महागाचा शॉकॉब घेणाऱ्याला त्यांचा एकच सल्ला असतो, त्याच्या दांडीवरचा रबरी बूट काढून टाक. किनाऱ्यावर त्यात ओली वाळू आणि मीठ साचतं, दांडीच्या क्रोमला बारीक खड्डे पडतात, ते सील कापतात आणि तेल गळायला लागतं. त्यापेक्षा उघडी दांडी रोज गोड्या पाण्याने धुतलेली बरी. चिखलातून फिरणारे नेमकं उलटं सांगतात आणि मेस्त्री त्यांच्याशी भांडतात.

सध्या वाद पोराशीच आहे. एका बागायतदाराच्या थारला विंच बसायची आहे आणि गाडी मेमध्ये बागेच्या सड्यावरच फिरणार. मेस्त्री म्हणतात, लोंबायला निम्मी चाल ठेव. पोरगा म्हणतो, मूळ दांड्यावर एवढी ठेवली तर विंचच्या वजनाने नाक दबायच्या टोकाच्या रबरावर बसेल. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून जाड दांडा मागवायचा, बोल्ट सैलच ठेवायचा आणि उंची मालकाच्या मनातल्यापेक्षा कमी द्यायची असं ठरतंय. मालकाला ते अजून सांगितलेलं नाही.