आईचे घर, पौष महिना आणि आमची जनावरे



मुंबईत कुठली आली थंडी, तिथे तर बारा महिने पंखे लागतात, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. वाटणे साहजिक आहे. मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोकलगाड्या, उंच इमारती आणि दिव्यांचा झगमगाट येतो. पण त्याच मुंबईत असेही एक घर आहे की जिथे आजही विजेचा दिवा नाही, पंखा नाही आणि पौषात पहाटे दात वाजतात. ते घर माझ्या आईचे. त्या घरातली थंडी आणि तिथली जनावरे यांच्याविषयी आज चार गोष्टी सांगते.

बोरिवली स्टेशनला उतरून पूर्वेकडे गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि ठाणे. मधे डोंगर, कान्हेरीची लेणी आणि मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे दोन तलाव. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा. या जंगलात आणि शेजारच्या आरे वसाहतीत वारली व इतर आदिवासींचे पाडे पूर्वापार आहेत. काही पाड्यांत वीज आली, काहींत अजून नाही. आमच्या घरात नाही. तिथे आई आणि माझा धाकटा भाऊ राहतात. दर डिसेंबरच्या अखेरीस मी आठ दिवस तिकडे जाते.

घर कुडाचे आहे. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमातीचा लेप दिलेली भिंत. ही कारवी मोठी गमतीची. आठ वर्षे नुसती वाढते, मग एकदाच सगळ्या डोंगरावर जांभळी फुलते, बी टाकते आणि मरते. या जंगलात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पूर्वी वाळलेली कारवी आणून भिंती नव्या करीत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे राष्ट्रीय उद्यानातून काडीही आणायची सोय नाही. म्हणून जिथे कुड कुजला तिथे भावाने विकतचा बांबू आणि जुना पत्रा लावला आहे. फटीतून वारा येतो तो येतोच.

आणि वारा असतोही बोचरा! मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले, ७.४ अंश. दरवर्षी काही एवढी थंडी पडत नाही. परंतु शहरातल्या सिमेंटच्या भिंती आणि डांबरी रस्ते दिवसाचे ऊन धरून ठेवतात व रात्रभर सोडीत राहतात. जंगलात तसे नाही. सूर्य डोंगराआड गेला की जमीन भराभर निवते. त्यामुळे स्टेशनाजवळ लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरत असतात, आणि थोड्याच अंतरावर आमच्या घरी गोधडी पुरत नाही.

आता घरातली माणसे मोजा पाहू. आई, भाऊ, मी. शिवाय चार शेळ्या, नऊ कोंबड्या, एक कोंबडा, मनी नावाची मांजर आणि भुऱ्या नावाचा कुत्रा. आईला विचाराल तर ती सगळ्यांना माणसांतच मोजते.

घरात घड्याळ आहे, पण अंधारात ते दिसते कुणाला? म्हणून पहाट कोंबडा सांगतो. उजेड दिसला म्हणून कोंबडा आरवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात उजाडण्याच्या आधीच तो आरवतो, कारण त्याच्या शरीरातच घड्याळ असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेदेखील आपापल्या वेळी आरवले. मी हे आईला सांगितले तर ती म्हणाली, "त्येला येवडं पुस्तक कशाला? त्याला उपाशी ऱ्हायलेलं कळतं ना, तसंच पाट झालेली कळते."

आई चूल पेटवते. आधी मनीला चुलीच्या राखेतून उठवावे लागते. रात्रभर ती कोमट राखेत झोपते, त्यामुळे आमची पांढरी मांजर थंडीचे चार महिने करडी असते. मग राख गोळा करून परसात एका खळग्यात टाकायची. कोंबड्या त्या राखेत लोळून घेतात, त्याने पिसांतल्या उवा मरतात. आमच्याकडे राखसुद्धा वाया जात नाही.

थंडीत कोंबड्या अंडी कमी देतात. ही काही त्यांची खोड नव्हे. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला दिवसाचा चौदा तास तरी उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत म्हणून संध्याकाळी दिवे लावतात. आमच्याकडे दिवा कुठला? सूर्य देईल तेवढीच अंडी. तीही आई विकते, कारण गावठी अंड्याला बोरिवलीत चांगला भाव येतो.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई आहे, त्यामुळे शेळ्या दाव्यालाच असतात. परसातल्या शेवग्याचा पाला, भाताचा पेंढा, आणि भाऊ कामावरून येताना भाजीबाजारातून टाकाऊ कोबी-फ्लॉवरची पाने गोणीत भरून आणतो, ते त्यांचे खाणे. पाला दवाने ओला असेल तर उन्हात वाळवूनच द्यायचा. ओल्या पाल्यावर जंतांची पिल्ले चढलेली असतात. आईने जंत कधी पाहिले नाहीत, पण नियम तिला पक्का ठाऊक.

भाऊ आणखी एक गोष्ट शहरातून आणतो : भरलेला मोबाइल. कामाच्या ठिकाणी तो चार्ज होतो. घरात एक सौर दिवा आहे, तो ऊन असेल तसा जळतो. ओट्यावर बसले की झाडांच्या वर आभाळ तांबूस दिसते. तो शहराचा उजेड. इतका जवळ, की वाटते हात लांब केला तर लागेल.

खरे काम सुरू होते सूर्य मावळण्याच्या सुमारास. आई हातातले काम टाकते आणि मोजणी करते. कोंबड्या घरात घेऊन डालग्याखाली झाकायच्या. अंधार झाला तर ती डालग्यात हात घालून पाठीवरून मोजते. कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे तिचे गारठलेले हातही शेकून निघतात. मग शेळ्या पडवीत. मग मनी. सगळ्यांत शेवटी भुऱ्याला हाक. भुऱ्या आत आला की दाराला आडणा लागतो.

भुऱ्याच्या आधी आमच्याकडे काळ्या होता. पाड्यावरची सगळीच कुत्री अंगणात झोपत, तसा तोही झोपे. थंडीत विझल्या शेकोटीच्या गरम राखेत अंगाचे वेटोळे करी. चार वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री तो एकदाच ओरडला, तेही अर्धेच. सकाळी राखेत त्याच्या अंगाचा गोल ठसा तसाच होता आणि शेजारी बिबट्याची पावले. आई त्या ठशाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. त्या दिवशी तिने शेकोटीची राख कोंबड्यांना टाकली नाही.

भाऊ संतापला होता. त्याला कुणीतरी सुचवले, "मटणाला विष लावून ठेव, परत येईल तेव्हा कायमचा मिटेल." आईने ऐकले आणि म्हणाली, "वाघबारशीला त्याच्या म्होरं नारळ फोडायचा नि पौषात त्येला इख घालायचं? आपल्या घरात असं नाय हुणार. तो त्याच्या जागेत फिरतो. दार आपलं हाय, ते आपण लावायचं."

मित्रांनो, वाघबारस म्हणजे वसुबारसेचाच दिवस. त्या दिवशी वारली लोक वाघोबाला पूजतात. लाकडावर किंवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले असतात, वर शेंदूर. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी महाराष्ट्रात वाघोबाची १५० स्थाने नोंदवली. बिबट्याही वाघोबातच आला. पूजा केली म्हणून तो कुत्रा सोडतो असे मात्र आई मानत नाही. पूजेने आपल्याला आठवण राहते की शेजारी कोण राहतो, असे ती म्हणते.

आणि शेजारी थोडेथोडके नाहीत. २०१५ साली या जंगलात व आसपास कॅमेरे लावून बिबटे मोजले, ते ३५ भरले. २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी असा हिशेब मांडला की एवढे बिबटे मिळून वर्षाला दीड हजाराच्या आसपास मोकाट कुत्री खात असावेत. जिथे उकिरडा तिथे कुत्री, आणि जिथे कुत्री तिथे बिबट्या, अशी ही साखळी आहे. माणसांनाही याची झळ बसली आहे. २००४ च्या जून महिन्यात या जंगलाच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ अनेकांचे प्राण गेले. पाड्यावर ते दिवस कुणी विसरलेले नाही. तेव्हा बिबट्या हे कौतुकाचे चित्र नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

काळ्या गेल्यावर भावाने पडवी सगळ्या बाजूंनी बंद केली. खाली पत्रा, वर बांबूची दाट जाळी, आतून कडी. दोन महिन्यांनी एक भुरके पिल्लू बाजारापासून त्याच्या मागे मागे घरापर्यंत आले. आईने त्याला भाकरी घालण्याआधीच सांगितले, "ठेवायचा तर रात्री आत ठेवायचा. नायतर आत्ताच परत सोडून ये. पाळायचा नि भायेर झोपवायचा, ह्ये पाळणं नव्हं." पिल्लू राहिले. तोच भुऱ्या.

यंदाच्या थंडीत मी तिथे असतानाची गोष्ट. मध्यरात्र उलटली असेल. दूर भेकर ओरडले, खोकल्यासारखा कोरडा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा ओरडले, जवळून. पडवीत शेळ्या उठून उभ्या राहिल्या, त्यांचे खुर वाजले. भुऱ्या मात्र भुंकला नाही. तो माझ्या गोधडीपाशी आला आणि अंग चोरून चिकटून बसला. त्याचे थरथरणे मला गोधडीतून कळत होते. आई अंधारातच हळू बोलली, "बाय, कुत्रा भुंकतो तवा माणूस नायतर डुक्कर. कुत्रा गप बसतो तवा आपणबी गप बसायचं." आम्ही चौघे गप्प बसलो. चुलीत एक निखारा तेवढा लाल होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग शेळ्या एकेक करून खाली बसल्या, भुऱ्याने सुस्कारा टाकला, आणि आई म्हणाली, "गेला."

सकाळी दवाने भिजलेल्या मातीत पावले स्पष्ट होती. पडवीभोवती दोन फेऱ्या मारून ती ओढ्याकडे गेली होती. आईने डालगे उचलले, शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चार, नऊ, एक, मनी, भुऱ्या. हिशेब बरोबर आला. मग तिने चहाचे आधण ठेवले.

असो. एवढे वाचून तुम्ही म्हणाल, किती छान घर! पण आईला विचारा. धुराने तिचे डोळे चुरचुरतात. पाणी लांबून आणावे लागते. वीज नको असे ती कधी म्हणाली नाही. एक दिवा अंगणात असता तर रात्री बाहेर जायची भीती गेली असती, असे ती दरवर्षी म्हणते. राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांबाबत १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला, आणि तेव्हापासून पाड्यांतल्या लोकांनाही इमारतीत हलवण्याचे बोलणे अधूनमधून निघते. तिथे दिवा असेल, नळ असेल. आई सगळे ऐकून घेते आणि एकच विचारते, "तितं पाटे कोंबडा आरवला तर चालंल का? नि शेळ्या कितव्या मजल्यावर बांधायच्या?" याचे उत्तर तिला अजून कुणी दिलेले नाही. मलाही देता येत नाही. दिवा हवा आणि शेळ्याही हव्यात, यात तिचे काय चुकले?

मित्रांनो, आपल्या गावाशेजारीही जंगल आहे आणि बिबट्याही आहे. म्हणून आईच्या घरातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर जाऊ नये. मोठे माणूस, दिवा आणि काठी बरोबर असावी, मोठ्याने बोलत जावे. घराभोवती उष्टे-खरकटे टाकू नये. बिबट्या दिसला तर त्याच्यामागे धावू नये, दगड मारू नये, घोळक्याने घेरू नये. आणि ज्याला आपण भाकरी घालतो, नाव ठेवतो, त्याला रात्री बंद जागेत घ्यावे. जागा नसेल तर सुट्टीत वडिलांना नाहीतर दादाला बरोबर घेऊन बांबूची जाळी बांधा. दोन दिवसांचे काम आहे. भुऱ्या त्याच जाळीमागे यंदाची थंडी काढतो आहे.